तक्ते दाखवूनही किरणोत्सर्गाची भीती का जात नाही?

अर्धायुष्य

अणुवीज केंद्रांवरची चर्चा दर वेळी त्याच वळणाने जाते. एक जण म्हणतो, 'किरणोत्सर्ग म्हणजे कॅन्सर'. दुसरा लगेच तक्ता डकवतो: छातीचा एक्स-रे इतका, पोटाचा सीटी स्कॅन इतका, केंद्राच्या कुंपणाशी वर्षभर राहिलात तर इतका. पहिल्याचं समाधान होत नाही आणि दुसरा 'लोकांना विज्ञान कळत नाही' म्हणत निघून जातो. तक्ता बहुतेक वेळा बरोबरच असतो, तरी तो पटत नाही. असं का होतं याची चिरफाड करायला हा धागा.

आधी एककं, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. बेकेरेल म्हणजे एका सेकंदात किती अणुकेंद्रकांचं विघटन झालं. ग्रे म्हणजे एक किलो ऊतीत किती ज्यूल ऊर्जा शोषली गेली. सिव्हर्ट म्हणजे त्या ऊर्जेचा शरीरावरचा परिणाम जोखणारा आकडा. गॅमा आणि बीटाला गुणक १, अल्फाला २०. बेकेरेलचे आकडे नेहमीच राक्षसी दिसतात. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात नुसत्या पोटॅशियम-४० चे सुमारे ४,००० बेकेरेल असतात.

किरणोत्सर्गाची नैसर्गिक मात्रा जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, त्यातली जवळपास निम्मी रेडॉन वायूमुळे. केंद्रामुळे सामान्य माणसाला मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (नैसर्गिक आणि वैद्यकीय वगळून). कामगारांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, कुठल्याही एका वर्षात ५०. प्रारणांचा (किरणांचा) तीव्र आजार दिसू लागतो तो एकदम साधारण १ ग्रे मिळाल्यावर. ४ ग्रेच्या आसपास उपचाराविना निम्मे दगावतात. म्हणजे लोकांसाठीची मर्यादा आणि आजाराचा उंबरठा यांत हजारपट अंतर आहे. बातमी मात्र 'मर्यादेच्या तिप्पट' अशी येते आणि ऐकणारा मर्यादेलाच दरीचा काठ समजतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो: आकडा न कळणं ही मूळ अडचण नाही. आकडा कोण सांगतंय, आणि तो पडताळून पाहता येतो का, यावर गाडी अडते.

शब्दवेल्हाळ

मूळ मुद्द्याला हात घालण्याआधी भाषेचा एक घोळ. मराठीत आपण 'किरणोत्सर्ग' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक म्हणजे किरण, म्हणजे प्रारण. दुसरी म्हणजे किरण सोडणारा पदार्थ, जो धूळ, वायू किंवा पाण्यातून फिरतो. 'किरणोत्सर्ग पसरला', 'किरणोत्सर्ग अंगाला लागला' ही वाक्यं त्यातूनच येतात.

दिवा आणि काजळी असं समजा. दिव्याचा उजेड अंगावर पडला म्हणून तो अंगाला चिकटत नाही. दिवा विझला की उजेड संपला. काजळी मात्र बोटाला लागते आणि बोटावरून सदऱ्याला. एक्स-रे काढलेला माणूस दुसऱ्याला काही देऊ शकत नाही, तो उजेडात उभा राहून आलेला. सिझियमची भुकटी हाताळलेला माणूस काजळी घेऊन फिरतो.

ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली हीच काजळी पसरली. बंद पडलेल्या दवाखान्यातलं कर्करोग-उपचाराचं यंत्र भंगारात गेलं, त्यातला सिझियम-१३७ फोडला गेला, त्याची निळसर चमक बघायला माणसं गोळा झाली. चार जण दगावले, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात दूषण सापडलं. पण तपासणीला आले सुमारे १,१२,०००. हा वीजकेंद्राचा अपघात नव्हता, हेही नोंदवून ठेवा.

(अवांतर: एमआरआयच्या मूळ नावात 'न्यूक्लियर' हा शब्द होता. रुग्ण बिचकू नयेत म्हणून तो गाळला. यंत्र तेच राहिलं.)

काउंटरवाला

पडताळून पाहण्याचा विषय निघालाच आहे, तर हल्ली अनेक जण घेतात त्या किरण मोजणाऱ्या छोट्या गायगर काउंटरबद्दल. पडद्यावर ०.१२ मायक्रोसिव्हर्ट प्रतितास दिसलं की वर्षाचे ८,७६० तास धरून साधारण १ मिलिसिव्हर्ट होतात. म्हणजे हा नेहमीचा नैसर्गिक आकडा. ग्रॅनाइटच्या ओट्याजवळ तो थोडा वर जातो, विमानात ३ ते ५ मायक्रोसिव्हर्ट प्रतितास दिसतो.

पहिली चूक: एका मिनिटाच्या वाचनावर विश्वास ठेवणं. विघटन यादृच्छिक असतं, त्यामुळे मोजणीतली अनिश्चितता मोजलेल्या टिचक्यांच्या वर्गमुळाइतकी येते. मिनिटाला २० टिचक्या असतील तर चूक साधारण ४.५, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त. १५ ते २५ मधलं काहीही दिसू शकतं आणि कोणीतरी '१५ वरून २५ झालं!' म्हणून ओरडतो. सलग दहा मिनिटं मोजा: २०० टिचक्या, चूक १४, म्हणजे सात टक्के. तास मोजलंत तर तीन टक्क्यांच्या खाली.

दुसरी: काउंटरमधली नळी फक्त टिचक्या मोजते. त्यांचं मायक्रोसिव्हर्टमध्ये रूपांतर करणारा गुणक आत भरलेला असतो आणि तो बहुधा सिझियम-१३७ च्या ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमाला जुळवलेला असतो. कमी ऊर्जेच्या किरणांना उघडी नळी कित्येक पट जास्त दाखवते. नळीभोवती धातूचं पातळ आवरण घालून हे सुधारतात, स्वस्त उपकरणांत ते नसतं.

तिसरी उलट दिशेची आणि जास्त घातक. प्रत्येक टिचकीनंतर नळी क्षणभर आंधळी असते. मात्रा फार वाढली की साध्या उपकरणाचं वाचन वाढायचं थांबतं, काही तर चक्क शून्याकडे घसरतात. म्हणजे हे यंत्र नको तिथे घाबरवतं आणि खऱ्या संकटात गप्प बसू शकतं.

चौथी: जाड काचेच्या किंवा स्टीलच्या नळीला अल्फा दिसतच नाहीत, आणि पाण्यातला ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) कुठल्याच हातातल्या काउंटरला दिसत नाही. त्याच्या बीटाची सरासरी ऊर्जा ५.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, हवेत काही मिलिमीटर जाऊन संपते. पाण्याजवळ काउंटर धरून 'बघा, काहीच नाही' म्हणणारा आणि 'बघा, किती वाढलं' म्हणणारा, दोघेही चुकतात.

शंकासुर

धागा छान, पण एक सोयीस्करपणे वगळलंत. 'मर्यादेच्या खाली' म्हणजे 'धोका शून्य' असं तुमचेच नियम म्हणत नाहीत. प्रारण-संरक्षणाचा सगळा डोलारा या गृहीतकावर उभा आहे की मात्रा जितकी, धोका त्या प्रमाणात, आणि खालचा उंबरठा नाही. मग सामान्य माणसाने 'थोडा का होईना, धोका आहे' असं म्हटलं तर तो अडाणी कसा?

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा अपघातच बघा. आसपासच्या २० लाख लोकांना सरासरी ०.१ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाली. प्रति सिव्हर्ट ५ टक्के धोका धरला तर दहा मृत्यू. दहा माणसं म्हणजे काहीच नाही का?

अर्धायुष्य

अडाणी असं मी म्हटलेलंच नाही, आणि तुमचा मुद्दा रास्त आहे. सरळ रेषेचं गृहीतक हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या दीर्घ अभ्यासावर उभं आहे. १०० मिलिसिव्हर्टच्या वर कर्करोगातली वाढ बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, तिथून खाली ती इतर कर्करोगांच्या गर्दीत हरवते. रेषा तशीच शून्यापर्यंत ओढणं हा सावधपणाचा निर्णय आहे, मोजलेली गोष्ट नाही. नियम बनवायला तो योग्य. पण १ मिलिसिव्हर्टचा धोका २०,००० त एक असा काढून त्याला लाखो लोकसंख्येने गुणायचं आणि मृतांचा आकडा जाहीर करायचा, हे करू नका असं ही रेषा वापरणारा आंतरराष्ट्रीय प्रारण-संरक्षण आयोगच सांगतो.

गंमत अशी की दोन्ही बाजू या रेषेचा दुरुपयोग करतात. विरोधक गुणाकार करून हजारो मृत्यू काढतात, समर्थक 'सिद्ध झालेलं नाही' म्हणून शून्य लिहितात. खरं वाक्य आहे 'असलाच तर इतका लहान, की मोजता येत नाही'. ते मथळ्यात बसत नाही.

झडप-तपासनीस

मात्रेवर पुरेसं झालं, आता यंत्राकडे या. लोक 'अणुबाँबसारखा स्फोट होईल' म्हणून घाबरतात, ते होत नाही. खरी अडचण कंटाळवाणी आहे: उरलेली उष्णता. नियंत्रक सळया आत गेल्या, साखळी अभिक्रिया थांबली, तरी विखंडनातून तयार झालेले पदार्थ तापतच राहतात. बंद केल्याक्षणी पूर्ण औष्णिक क्षमतेच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीडेक टक्का, दिवसानंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ३,००० मेगावॉट औष्णिक क्षमतेची अणुभट्टी धरा. बंद होताना २०० मेगावॉट, दुसऱ्या दिवशीही पंधराएक मेगावॉट. तेवढी उष्णता दिवसेंदिवस पाण्याने वाहून न्यावी लागते. पाणी थांबलं की इंधन उघडं पडतं, १,२०० अंश सेल्सिअसच्या वर झिर्कोनियमचं आवरण वाफेशी जोरात अभिक्रिया करतं आणि हायड्रोजन सुटतो. जपानमधल्या फुकुशिमा केंद्राच्या इमारतींची छपरं उडवली ती या हायड्रोजनने.

फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंपाने भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या, बाहेरची वीज गेली, डिझेल जनित्रं सुरूही झाली. पाऊणएक तासाने सुनामी आली. बहुतेक जनित्रं आणि विजेचे वितरण-फलक टर्बाइन इमारतींच्या तळघरांत होते, तिथे पाणी शिरलं. सहाव्या भट्टीचं हवेने थंड होणारं एक जनित्र उंचावर होतं, ते चालत राहिलं; त्याच एकावर पाचवी आणि सहावी भट्टी वाचली. ओनागावा केंद्र भूकंपाच्या केंद्राला आणखी जवळ, लाट सुमारे १३ मीटरची, पण जमीनच चौदाएक मीटर उंचीवर निवडलेली. तिथे इंधन वितळलं नाही. तोच देश, तोच भूकंप, तीच सुनामी. फरक तळाची उंची आणि जनित्राची जागा एवढाच. म्हणून 'अणुऊर्जा सुरक्षित आहे का' हा प्रश्नच मला पोकळ वाटतो. जनित्र कुठे आहे, ते विचारा.

आता विश्वासाचा मुद्दा. थ्री माइल आयलंडमध्ये २८ मार्च १९७९ च्या पहाटे दाबनियंत्रक टाकीवरची झडप उघडली ती मिटलीच नाही. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला, कारण तो झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेच्या विद्युतचुंबकाला वीज आहे की नाही एवढंच दाखवत होता. दोन तासांहून जास्त वेळ तिथून पाणी जात राहिलं. त्यात दाबनियंत्रकातली पातळी वर दिसत होती, म्हणून चालकांनी 'पाणी जास्त झालंय' समजून आपत्कालीन पाणी कमी केलं. जवळपास निम्मा गाभा (भट्टीतलं इंधन) वितळला.

फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीत तसंच. एकदिश (डीसी) वीज गेली तेव्हा गळती ओळखणाऱ्या यंत्रणेने 'नळी फुटली असावी' असा सावध अर्थ लावून संघनकाच्या (भट्टीची वाफ थंड करून पाणी परत पाठवणाऱ्या यंत्रणेच्या) झडपा मिटण्याचा आदेश दिला. थंड करणारी यंत्रणा चालू आहे असा समज बराच वेळ राहिला. पुढे पातळीमापकाच्या संदर्भ-नळीतलं पाणीच उष्णतेने उडालं आणि तो खोटी, जास्त पातळी दाखवू लागला.

प्रवक्ता बाहेर येऊन 'परिस्थिती नियंत्रणात' म्हणतो, तेव्हा तो दर वेळी लबाडी करत असतो असं नाही. खोटं बोलणाऱ्या काट्याचं वाचन तो पुढे सरकवतो. दोन दिवसांनी सत्य बाहेर आलं की लोकांना ती लबाडीच वाटते, आणि त्यांचं काय चुकलं? यावर इलाज जनसंपर्काचा नाही. उपाय आहे झडपेच्या दांड्यावर बसवलेला स्थितीदर्शक आणि पातळी मोजण्याची दुसऱ्या तत्त्वावर चालणारी पद्धत.

शंकासुर

हा प्रतिसाद आवडला. पण काही वेळा लबाडीही असते. फुकुशिमा चालवणाऱ्या टेपकोच्या तपासणी-नोंदींमधल्या फेरफाराचं प्रकरण २००२ सालीच बाहेर आलं होतं, अध्यक्षांना जावं लागलं. २०११ मध्ये 'गाभा वितळला' हे शब्द दोन महिने टाळले, २०१६ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. हे काट्याने केलं नाही.

वाऱ्याची दिशा

भीती हीसुद्धा मारते, हे इथे कोणी लिहिलेलं दिसलं नाही. फुकुशिमा प्रांतात विस्थापनाशी आणि आपत्तीच्या ताणाशी जोडलेले मृत्यू २,३०० हून अधिक नोंदले गेले, बहुतेक वृद्ध. सगळे केवळ अणुअपघातामुळे नव्हेत, पण रुग्णालयं आणि वृद्धाश्रम घाईघाईने, औषधं-नोंदींशिवाय, तासन् तास बसमध्ये हलवले गेले त्यातले बरेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दोन-तीन दिवस दारं-खिडक्या बंद करून आत राहणं हाच कमी धोक्याचा पर्याय असतो.

दुसरं, नकाशावर कंपासने काढलेलं वर्तुळ. २० किलोमीटरच्या आत रिकामं, २० ते ३० मध्ये घरात बसा. ढग वर्तुळ पाळत नाही. १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला आणि पावसा-बर्फाबरोबर सिझियम खाली आला. केंद्राजवळच्या नामिए गावातले बरेच लोक नेमके त्या दिशेच्या त्सुशिमा भागात जाऊन थांबले होते. वाऱ्यावरून प्रसाराचा अंदाज काढणारी 'स्पीडी' ही यंत्रणा होती, तिचे नकाशे त्यांच्यापर्यंत वेळेत गेलेच नाहीत. 'घबराट होईल' म्हणून माहिती दाबली की असं होतं. इताते हे गाव तर ३० किलोमीटरच्या बाहेर, तिथे विस्थापनाचा आदेश एप्रिलच्या उत्तरार्धात निघाला.

आयोडीनच्या गोळीबद्दल थोडक्यात, कारण अफवा इथेच जास्त. पोटॅशियम आयोडाइड, प्रौढांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, महिनाभर ते ३ वर्षं ३२, नवजात बाळाला १६. काम एकच: थायरॉइड आधीच भरून टाकणं, म्हणजे आयोडीन-१३१ ला जागा उरत नाही. सिझियमवर तिचा शून्य उपयोग. वेळ महत्त्वाची: ढग पोहोचण्याआधीच्या २४ तासांत किंवा नंतर दोनेक तासांत, आठ तासांपर्यंत काही फायदा, २४ तासांनंतर घेतली तर आत शिरलेलं आयोडीन-१३१ उलट जास्त काळ कोंडून राहतं. प्रशासनाने सांगितल्याशिवाय घेऊ नये ते यासाठी. चाळिशीनंतर फायदा फार कमी. २०११ मध्ये चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठावर झुंबड उडाली होती. किलोभर मिठात आयोडीन वीस-चाळीस मिलिग्रॅम, एका गोळीत १००. हिशोबाने एका बैठकीत काही किलो मीठ. आयोडीन-१३१ च्या आधी मीठच मारेल.

बाहेर अडकलात तर वरचे कपडे दाराशीच उतरवून पिशवीत बांधा, बहुतेक दूषण तिथेच जातं. कोमट पाणी, साबण, न घासता. केसांना शाम्पू चालेल, कंडिशनर नाही. तो कण केसांना धरून ठेवतो.

चेर्नोबिलमध्ये १९८६ ला दुधाची बंदी वेळेवर झाली असती तर मुलांच्या थायरॉइड कर्करोगाच्या हजारो प्रकरणांतली बरीच टळली असती. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस. गवत, गाय, दूध, मूल ही साखळी दोन-तीन महिने तोडली की धोका ओसरतो. तिथे स्फोटानंतर तीव्र आजार झालेल्या १३४ जणांपैकी २८ त्याच वर्षी गेले. हे दोन आकडे सगळे देतात, दुधाचं कोणी सांगत नाही.

काउंटरवाला

+१. थायरॉइडवरून आठवलं. फुकुशिमात सुमारे तीन लाख मुलांची सोनोग्राफी झाली, शंभराहून जास्त कर्करोग सापडले, आणि मथळे झाले. पण सूक्ष्म गाठी शोधायला निघालात की त्या सापडतातच. दूरच्या, ढग न पोहोचलेल्या भागांतल्या मुलांतही गाठींचं प्रमाण वेगळं नव्हतं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा अपघातानंतर सरसकट थायरॉइड चाचणी करू नये असंच सुचवलं. लोकांना दिलासा द्यायला केलेल्या चाचणीनेच भीती वाढवली, आणि काहींच्या गळ्यावर गरज नसलेली शस्त्रक्रिया झाली.

अर्धायुष्य

आकड्यांच्या चुकीची दोन उदाहरणं देतो, एक घाईचं आणि एक अहंकाराचं.

२७ मार्च २०११ ला फुकुशिमाच्या दुसऱ्या भट्टीच्या टर्बाइन इमारतीतल्या पाण्यात नेहमीच्या एक कोटी पट किरणोत्सार असल्याचं जाहीर झालं. त्याच दिवशी दुरुस्ती आली: एक लाख पट. समस्थानिक ओळखण्यात चूक झाली होती. एक लाख पटही भयानकच, पण त्यानंतर कुठल्याही आकड्याकडे लोक तसंच बघू लागले.

अहंकाराचं त्याहून जुनं. १९७५ च्या अमेरिकी रासमुसेन अहवालाच्या सारांशात भट्टीचा धोका उल्का अंगावर पडण्याच्या धोक्याशेजारी मांडला होता. पद्धत चांगली होती, आजही संभाव्यतेवर आधारित सुरक्षा-विश्लेषण तिच्यावरच चालतं. पण सारांशात अनिश्चितता पुसली गेली. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने जानेवारी १९७९ मध्ये त्या सारांशावरचा आपला पाठिंबा काढून घेतला. दोन महिन्यांनी थ्री माइल आयलंड झालं.

झडप-तपासनीस

आणि त्या संभाव्यतेचा मोठा अडसर म्हणजे एकाच कारणाने सगळं एकदम पडणं. जनित्र बंद पडण्याची शक्यता हजारात एक, दोन बंद पडण्याची दशलक्षात एक, असा गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्ही एकाच तळघरात असतील तर पाण्याला गुणाकार येत नाही.

शब्दवेल्हाळ

ट्रिटियमचं पाणी राहिलं. २४ ऑगस्ट २०२३ पासून फुकुशिमातलं गाळलेलं पाणी समुद्रात सोडतात: लिटरला १,५०० बेकेरेलच्या खाली पातळ करून, वर्षाला २२ टेराबेकेरेलच्या मर्यादेत. जागतिक आरोग्य संघटनेचा पिण्याच्या पाण्यासाठीचा मार्गदर्शक आकडा १०,०००. म्हणजे ट्रिटियमवर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. खरा विचारायचा प्रश्न आहे स्ट्रॉन्शियम-९० आणि इतर समस्थानिकं गाळणीतून नीट निघतात का, आणि प्रत्येक टाकीचा नमुना केंद्राबाहेरची प्रयोगशाळा तपासते का. काही नमुने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेमार्फत वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळांत तपासले जातात. शेजारी देशाच्या प्रयोगशाळेचा आकडा जुळला तर तो माझ्या शंभर तक्त्यांना भारी.

काउंटरवाला

@शंकासुर, तुमच्या वरच्या हिशोबात एक दशांश घसरलाय. थ्री माइल आयलंडची सरासरी मात्रा सुमारे १ मिलिरेम होती. १०० रेम म्हणजे १ सिव्हर्ट, म्हणून १ मिलिरेम म्हणजे ०.०१ मिलिसिव्हर्ट, ०.१ नव्हे. तुमच्याच पद्धतीने २० लाख लोकांत दहा नाही, एक मृत्यू येतो. (गुणाकार करावा की नाही हा वाद वेगळा.)

शंकासुर

बरोबर, रेम ते सिव्हर्ट करताना घोटाळा झाला. एक मृत्यू. मूळ प्रतिसादातला दहाचा आकडा तसाच ठेवतो आणि त्याखाली दुरुस्ती जोडतो, नाहीतर तुमचा प्रतिसाद पुढे कोणाला कळणार नाही.